धातूचे शिल्परूप फर्निचर कोल्हापुरात घडवून घेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात घराचे बांधकाम संपत आलेल्या एका गृहस्थांना जेवणासाठी गोल टेबल, दिवाणखान्यासाठी बुटके कपाट आणि सोफ्याशेजारचे लहान टेबल अशा तीन वस्तू धातूत, हाताने घडवून घ्यायच्या आहेत. नमुना म्हणून त्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या तीन वस्तूंची छायाचित्रे पाठवली आहेत. पहिल्यात सळ्यांच्या जाळीदार बैठकीवर काच ठेवलेले टेबल आहे, दुसऱ्यात खडबडीत, कांस्यासारख्या दिसणाऱ्या दारांचे कपाट आहे, तर तिसऱ्यात बोटांनी चेपल्यासारखे बारीक पाय असलेले कांस्याचे टेबल आहे. उद्यमनगरातील दोन वर्कशॉपांनी दिलेल्या अंदाजांत तिपटीचा फरक पडल्यामुळे ते गोंधळले आहेत. हे काम येथे होईल काय, पितळ घ्यावे की लोखंड, आणि आपल्या पावसाळ्यात ते टिकेल काय, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

काम येथे होईल, याविषयी मला शंका नाही. मात्र आपण पाठवलेली तीन छायाचित्रे ही एकाच शैलीच्या तीन वस्तूंची असली, तरी कारागिरीच्या दृष्टीने ती तीन वेगळ्या धंद्यांची कामे आहेत. ती तिन्ही एकाच फॅब्रिकेटरसमोर ठेवली, की तो आपल्याकडच्या एकाच साधनाने तिन्ही कशी करता येतील याचाच विचार करणार. एकाने सळ्या वाकवून त्यांवर सोनेरी रंग मारण्याचा हिशोब धरला असेल, दुसऱ्याने खरे पितळ धरले असेल, आणि दोघांनीही आपापल्या परीने खरेच सांगितले असेल. अंदाजांतल्या तिपटीच्या फरकाचे मूळ मला येथे दिसते. आपण आकार दाखवलात, पण तो कोणत्या प्रक्रियेने घडवायचा हे ठरवले नाही. या प्रकारच्या फर्निचरमध्ये प्रक्रिया आधी ठरते आणि आकार तिच्यातून येतो, ही गोष्ट नीट पटली तर पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतील, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

आधुनिक काळातील धातूच्या फर्निचरकडे पाहिले तर जवळजवळ प्रत्येक टिकाऊ रचनेच्या मुळाशी एखादी विशिष्ट क्रिया आढळते. हंगेरियन रचनाकार मार्सेल ब्रॉयरने १९२५ मध्ये केलेली खुर्ची म्हणजे पोलादी नळी वाकवण्याच्या क्रियेची खुर्ची आहे. ज्याँ प्रूव्हे हा नान्सी येथील मूळचा लोहार. त्याने १९३४ च्या खुर्चीत पुढचे पाय साध्या नळीचे ठेवले आणि मागचे पाय पत्रा दुमडून पोकळ, रुंद पेटीसारखे केले, कारण बसणाऱ्याचा भार मागच्या पायांवर अधिक येतो. त्या खुर्चीचे सारे सौंदर्य त्या दुमडलेल्या पत्र्यात आहे आणि तो पत्रा तेथे केवळ भारासाठी आला आहे. हॅरी बर्टोया मूळचा इटलीतील फ्रिउली प्रांताचा. अमेरिकेत क्रॅनब्रुक येथील कलाशाळेत त्याने धातुकामाची कार्यशाळा चालवली आणि १९५२ मध्ये नोल या फर्निचर कंपनीसाठी तारेच्या जाळीची हिऱ्याच्या आकाराची खुर्ची केली. वॉरन प्लाटनर याने त्याच कंपनीसाठी १९६६ मध्ये बारीक सळ्या गोल कड्यांना एकेक करून जोडून खुर्च्या आणि टेबले केली. आपले पहिले छायाचित्र त्याच कुळातले आहे. दुसरे छायाचित्र पेनसिल्व्हेनियातील पॉल एव्हान्स याच्या वळणाचे आहे, तर तिसरे दिएगो जाकोमेत्तीच्या वळणाचे. एकाचे हत्यार गॅसकटर आणि वेल्डिंगचे होल्डर, दुसऱ्याचे प्लॅस्टर, मेण आणि ओतकाम. या दोघांच्या वस्तू शेजारी ठेवल्या तर दोन्ही खडबडीत दिसतील, पण एकाचा खडबडीतपणा आगीने आलेला आहे आणि दुसऱ्याचा बोटांनी.

मराठी घरांना धातूचे आधुनिक फर्निचर नवे आहे असेही नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग महाल बांधून घेतला, तेव्हा त्यात फ्रेंच रचनाकार लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स यांनी केलेले धातूचे पलंग होते. परंतु ती सारी गुळगुळीत, यंत्राची शान दाखवणारी घडण होती. आपल्याला हवी आहे ती पुढच्या पिढीची, हाताची खूण लपवू न पाहणारी घडण, आणि तिच्यासाठी कोल्हापूर हे माझ्या मते मुंबई-पुण्यापेक्षाही सोयीचे गाव आहे. येथे शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे, आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत फौंड्र्या आहेत, लेसर आणि प्लाझ्मा कटिंग गल्लोगल्ली आहे, पुतळे ओतणाऱ्या शिल्पकारांच्या कार्यशाळा आहेत, आणि हुपरीत ज्योतीवर नजर ठेवून बारीक झाळकाम करणारे चांदीचे कारागीर आहेत. कलावंत आणि मेस्त्री या दोन जाती येथे कधी फार वेगळ्या नव्हत्या. चित्रे रंगवणारे, पुतळे घडवणारे आणि चित्रपटाचा कॅमेरा स्वतः तयार करणारे बाबूराव पेंटर याच गावचे. अडचण कौशल्याची नसून, यातील कोणाला कोणते काम द्यायचे हे ठरवणारा माणूस मध्ये नसतो, ही आहे. तो माणूस आपल्याला व्हावे लागेल, किंवा नेमावा लागेल.

आता पहिले टेबल. ते दिसायला सर्वांत हलके आहे आणि करायला सर्वांत किचकट. त्या जातीच्या मूळ रचना आजही नोल कंपनी तयार करते, त्यामुळे हुबेहूब नक्कल करू नये असे माझे स्पष्ट मत आहे; सळ्यांची उभी रास कमरेत आवळून दोन्ही टोकांना उमलू द्यायची, एवढे तत्त्व घ्यावे आणि प्रमाण आपल्या खोलीवरून काढावे. समजा, १२०० मिलिमीटर व्यासाची काच आहे, खालचे कडे ६०० मिलिमीटर व्यासाचे, कंबर ३०० ची आणि वरचे कडे ८०० चे आहे. बहुतेक जण खालच्या कड्यावर किती सळ्या छान दिसतील ते पाहून संख्या ठरवतात, आणि मग कमरेत सळ्या एकमेकींवर चढतात. संख्या कमरेवरून ठरवावी लागते. ३०० मिलिमीटर व्यासाचा परीघ सुमारे ९४२ मिलिमीटर होतो. त्यात १२० सळ्या बसवायच्या तर एका सळीच्या वाट्याला ७.८५ मिलिमीटर येतात, म्हणजे ८ मिलिमीटरची सळी बसतच नाही. ६ मिलिमीटरची घेतली तर दोन सळ्यांमध्ये जेमतेम पावणेदोन-दोन मिलिमीटरची फट राहते, आणि तेथे ती पडद्यासारखी घट्ट दिसते. तसे नको असेल तर सळ्या ९० वर आणाव्यात. हा निर्णय कागदावर घेऊ नये. प्लायवूडच्या तीन चकत्यांना खाचा पाडून त्यांत काही सळ्या खोचाव्यात आणि टेबलाच्या उंचीवरून, बसून आणि उभे राहून पाहावे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे टेबल कलंडू नये ही. धातूचे शिल्परूप टेबल मध्यभागी आवळलेले असते आणि माणूस मात्र नेहमी कडेवर रेलतो. याचे गणित अवघड नाही. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला ३० किलो, म्हणून आपली काच सुमारे ३४ किलोची होईल. ६ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला ०.२२२ किलो, म्हणून १२० सळ्यांची बैठक २२ किलोच्या आसपास जाईल. एकूण ५६ किलो. खालच्या कड्याची त्रिज्या ३०० मिलिमीटर आणि काचेची कड केंद्रापासून ६०० मिलिमीटरवर, म्हणजे दोन्ही बाजूंची तरफ सारखीच. कडेवर ५६ किलोंपेक्षा अधिक भार आला की टेबल उचलले जाईल. पंगतीनंतर हात टेकून उठणारे एखादे वजनदार पाहुणे एवढा भार सहज देतात. आता खाली २० मिलिमीटर जाडीच्या प्लेटचे, बाहेरून ६०० आणि आतून ४०० मिलिमीटर व्यासाचे कडे दिले, तर सुमारे २५ किलो वाढतात आणि मर्यादा ८१ किलोंवर जाते. पण तेच कडे बाहेरून ७०० आणि आतून ५०० केले, तर वजन आणखी फक्त ५ किलोंनी वाढते आणि मर्यादा मात्र १२० किलोंपर्यंत पोहोचते, कारण आधाराची तरफ वाढली आणि लोंबणारा भाग कमी झाला. याउलट कोणी सुबकपणासाठी त्या आधीच्या, ६०० च्या कड्याखाली ३०० मिलिमीटर त्रिज्येवर तीन पाय सुचवले, तर दोन पायांना जोडणारी रेषा केंद्रापासून फक्त १५० मिलिमीटरवर येते, आणि ८१ किलोंचे तेच टेबल दोन पायांच्या मधल्या बाजूने अवघ्या २७ किलोंना कलंडते. लहान मूल लोंबकळले तरी पुरे.

इतके करूनही एक धोका उरतो, जो बैठकीचा नसून काचेचा आहे. काच नुसती वरच्या कड्यावर ठेवली असेल, तर बैठक जागची न हलताही काच एकटीच उचलली जाऊ शकते. ८०० मिलिमीटरच्या कड्यावर ३४ किलोंची काच कडेवरच्या ६८ किलोंपर्यंतच तग धरते. कडे आणखी मोठे केले तर बसणाऱ्याचे गुडघे सळ्यांना लागतात. म्हणून काचेच्या खालच्या पृष्ठभागावर धातूच्या चकत्या यूव्ही बाँडिंगने, म्हणजे अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या गोंदाने, चिकटवून त्या कड्याला खालून स्क्रूने आवळाव्यात. काचेला भोके पाडून बोल्ट घालण्याचाही मार्ग आहे, पण काच टफन झाल्यावर, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केल्यावर, तिला भोक पाडता येत नाही आणि वरून दिसणाऱ्या बोल्टने टेबलाचा सारा हलकेपणा जातो, म्हणून मला तो आवडत नाही.

जोडणीबाबत वर्कशॉपला दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. पहिली, जिगशिवाय, म्हणजे सळ्या नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या साच्याशिवाय, काम सुरू करू नये. बर्टोया आणि प्लाटनर यांच्या रचनांत कल्पनेइतकाच वाटा जिगचा आहे. प्लाटनरच्या एका खुर्चीत हजाराच्या घरात वेल्ड असतात आणि ते सारे जिगमध्ये सळ्या बसवल्यावरच शक्य होतात. दुसरी, कड्याच्या एका बाजूने ओळीने वेल्ड करत जाऊ नये. थंड होताना प्रत्येक वेल्ड आकसतो आणि कडे आपल्याकडे ओढतो. एका बाजूला चार टाके घातले की समोरच्या बाजूला चार, मग काटकोनात, असे फिरत राहिले तरच कडे गोल आणि सपाट राहते. बारीक सळ्यांना आर्गन वेल्डिंग घ्यावे, सीओटू वेल्डिंगचा मणी, म्हणजे जोडावर उरणारा धातूचा उंचवटा, या मापाला जाड दिसतो आणि तो ग्राइंडरने घासताना सळी खरवडली जाते. कडेच्या बाबतीत तर हा धंदा किती नाजूक आहे हे सांगणारी एक घटना प्रसिद्ध आहे. बर्टोयाच्या खुर्चीची कड सुरुवातीला जाळीच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक तार लावून बंद केलेली होती. ती पद्धत चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन रचनाकार दांपत्याच्या तारेच्या खुर्च्यांसाठी हर्मन मिलर कंपनीने आधीच पेटंटमध्ये बांधलेली असल्याने नोलला माघार घ्यावी लागली, आणि पुढे एकच जाड तार लावून जाळीची टोके तिच्यावर तासून गुळगुळीत केली गेली. म्हणजे दोन मोठ्या कंपन्यांचा वाद संपूर्ण खुर्चीवर नव्हता, तर काही मिलिमीटर रुंदीच्या कडेवर होता. आपणही काम पसंत करताना आधी कडेवरून बोट फिरवावे. शरीराला जेथे धातू लागणार तेथे हाताची खूण नको. तेथे यंत्राइतकीच सफाई हवी. खडबडीतपणा दाखवायचा तो फक्त नजरेच्या टप्प्यात.

कपाटाकडे वळतो. पॉल एव्हान्सच्या सुरुवातीच्या कपाटांची दारे खरोखरच लोखंडाची, गॅसने कापलेले आणि वेल्ड केलेले तुकडे चौकटींत भरून, रंग आणि सोन्याचा वर्ख देऊन केलेली असत. पुढे डिरेक्शनल या कंपनीसाठी त्याने जी कांस्यासारखी दिसणारी मालिका केली, तिच्यात मात्र आतल्या सांगाड्यावर इपॉक्सी रेझिनचा थर हाताने घडवून त्यावर कांस्याचा सूक्ष्म फवारा दिलेला असे. पुष्कळ लोक ती कपाटे ओतीव कांस्याची समजतात. तशी असती तर ती चार माणसांना उचलताही आली नसती. याच काळात न्यूयॉर्कमध्ये फिलिप आणि केल्विन लाव्हर्न हे पितापुत्र लाकडावर कांस्याचा आणि प्युटरचा (कथिलाच्या मिश्रधातूचा) पातळ थर बसवून, तो आम्लाने कोरून, काही आठवडे मातीत पुरून त्यावर जुनाट रंग आणत. सांगायचे एवढेच, की कातडे वेगळे आणि हाडे वेगळी ठेवण्यात कमीपणा नाही. या शैलीच्या नामवंतांनी तेच केले.

आपल्या कपाटासाठी मी फवाऱ्याची वाट धरणार नाही, कारण तो थर चिकटण्यासाठी लागणारी पूर्वतयारी सैल झाली तर काही वर्षांत कडांवरून कवच सुटते. त्याऐवजी दोन मार्ग सुचवतो. पहिला, दारांसाठी १.६ मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा पत्रा घ्यावा, आणि त्यावर प्लाझ्माने कापलेले २ ते ३ मिलिमीटरचे तुकडे वेगवेगळ्या पातळ्यांवर बसवावेत. येथे गुऱ्हाळाच्या काहिलीचे तळ ठोकणारे आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची बॉडी बांधणारे लोक आहेत. पत्र्याला हातोडीने पोत देणे हा त्यांच्या हातचा मळ आहे, पण पोत कोठे थांबवायचा हे आपण सांगावे लागते. सारा पृष्ठभाग सारखाच ठोकला तर तो हॉटेलातल्या दिव्याच्या शेडसारखा दिसू लागतो. दाराचा निम्मा भाग सपाट राहू द्यावा. दार पातळ पत्र्याचे असल्याने वेल्डच्या उष्णतेने पिळणार, हे गृहीत धरून मागे चौकोनी पाइपची चौकट असावी, तुकडे सलग वेल्डने न लावता मागून छोट्या भोकांतून टाके देऊन लावावेत, आणि प्रत्येक टाका थंड होऊ द्यावा. दुसरा मार्ग ओतकामाचा आहे. थर्माकोलच्या जाड पाट्यांवर तापलेल्या तारेने आणि सुरीने हवा तसा पोत कोरावा, तीच पाटी वाळूत पुरून तिच्यावर वितळलेले ॲल्युमिनियम ओतावे. थर्माकोल जळून जातो आणि त्याची जागा धातू घेतो. लाकडी पॅटर्न करण्याचा खर्च वाचतो, प्रत्येक पाटी एकमेव असते, आणि ॲल्युमिनियमचे वजन लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचे असल्याने बिजागऱ्यांवर ताण येत नाही. वाहनांचे हजारो एकसारखे भाग ओतणारी मोठी फौंड्री असे एकुलते एक काम घेणार नाही, त्यासाठी लहान नॉन-फेरस, म्हणजे लोखंडाखेरीजचे धातू ओतणारी, फौंड्री गाठावी लागते. ओतलेल्या पाटीवर थर्माकोलचे दाणे उमटतात. काहींना तो दोष वाटतो, मला तो त्या प्रक्रियेचा प्रामाणिक पुरावा वाटतो. पण नको असतील तर पाटीवर आधी मेणाचा हात द्यावा.

तिसऱ्या, लहान टेबलाबद्दल फार लिहावे लागणार नाही, कारण ते सर्वस्वी पुतळे ओतणाऱ्यांचे काम आहे. दिएगो जाकोमेत्ती आयुष्यातील मोठा काळ आपला भाऊ, शिल्पकार आल्बेर्तो, याचा सहायक म्हणून वावरला, आणि त्याने केलेली टेबले, खुर्च्या, दिवे हे फर्निचरच्या वर्कशॉपचे नव्हे तर शिल्पशाळेचे अपत्य आहे. पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात १९८५ पासून ते पाहता येते. पाय मेणात घडवून घ्यावेत आणि मेण घालवून ओतण्याच्या पद्धतीने ओतावेत. धातू म्हणून येथे सहज मिळणारे गनमेटल चालेल, ज्यात साधारणपणे तांबे ८५ टक्के आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५ टक्के असते. मात्र नंतर वेल्डिंग करायचे असेल तर शिशामुळे जोड चिरतो, म्हणून शक्य तेवढे एकसंध ओतावे किंवा शिसे नसलेले सिलिकॉन ब्राँझ मागावे. ओतीव थंड होताना सुमारे दीड टक्का आकसते. ४५० मिलिमीटरचा पाय हवा असेल तर मेणाचा पाय ४५७ चा लागेल, अन्यथा टेबल सोफ्याच्या हाताशी जुळणार नाही. शिल्पकाराला एवढे जरूर सांगावे, की पाय कितीही वाकडेतिकडे चालतील, परंतु वरची टेकण्याची आणि खालची जमिनीची पातळी यंत्रावर फेस करून, म्हणजे तासून सपाट करून, घ्यायची आहे.

पितळ की लोखंड, या प्रश्नाचे माझे उत्तर बहुधा आपल्या अपेक्षेविरुद्ध जाईल. मोठ्या वस्तूंसाठी लोखंड घ्यावे. पितळेत जस्त असते आणि जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, जे बहुतेक पितळांच्या वितळबिंदूच्या आसपासच आहे. म्हणून वेल्ड करताना पांढरा धूर निघतो, जोड सच्छिद्र होतो, आणि तो धूर कारागिराच्या फुफ्फुसात गेला की त्याच रात्री हुडहुडी भरून ताप येतो. पितळ जोडायचे ते सवागी लावून, गॅसच्या ज्योतीवर, झाळून. आणि १२० सळ्यांचे २४० सांधे, शिवाय कमरेचे वेगळे, अशा रीतीने झाळणे हे खर्चाच्या दृष्टीने अविचाराचे आहे. पितळेसाठी जागा ठेवावी ती हात लागणाऱ्या लहान भागांत, जसे कपाटाच्या मुठी किंवा वरच्या कड्यावरची पट्टी. तेथेही पितळ आणि लोखंड थेट एकमेकांना टेकू देऊ नये. ओल मध्ये शिरली की या जोडीत लोखंड झिजते, म्हणून दोहोंमध्ये नायलॉनचा वॉशर किंवा लॅकरचा थर असावा. सोनेरी झळाळीच्या पीव्हीडी केलेल्या (निर्वातात अतिशय पातळ थर चढवलेल्या) स्टेनलेस पाइपचा पर्याय आपल्याला हमखास सुचवला जाईल. तो टिकाऊ आहे, स्वस्तही पडतो, परंतु त्यात पृष्ठभागाचे वय वाढत नाही आणि हाताची कोणतीही खूण टिकत नाही. तो या शैलीचा शत्रू आहे असे मी मानतो. जेथे खरोखरच ओतीव वजन हवे, जसे टेबलाचे खालचे कडे, तेथे प्लेटऐवजी कास्ट आयर्न जरूर वापरून पाहावे. हे गाव त्या धातूत मुरलेले आहे, आणि वाळूचा पोत असलेले काळे ओतीव कडे बारीक सळ्यांखाली फार शोभते.

पावसाळ्याबाबत. घराच्या आत, कोरड्या भिंतीशी ठेवलेले लोखंड गंजून पडत नाही, परंतु जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणाने त्यावर तपकिरी ठिपके उमटतात, आणि ते बहुधा वेल्डच्या कडेला, जेथे फ्लक्स किंवा बोटांचा घाम राहिलेला असतो, तेथून सुरू होतात. उघड्या लोखंडाचा काळा रंग हवा असेल तर ब्लॅकोडायझिंग, म्हणजे रासायनिक द्रावणात बुडवून काळा थर आणणे, करून वर तेल किंवा मेण द्यावे लागते, आणि ते पावसाळ्याआधी दरवर्षी पुन्हा द्यावे लागते; हे जमणार नसेल तर मॅट पावडर कोटिंग घ्यावे. सळ्यांच्या बैठकीत मात्र पावडर कोटिंगचा एक दोष आहे. विद्युतभारित पावडर पिंजऱ्यासारख्या रचनेत बाहेरच्या सळ्यांवर ओढली जाते आणि आतल्या खाचांत, नेमकी कमरेजवळ, पोहोचत नाही. निकेल किंवा क्रोम प्लेटिंगमध्येही तसेच होते, आतल्या बाजूला थर पातळ बसतो. यावर उपाय म्हणजे आतून आधी हाताने इपॉक्सी प्रायमर मारून घ्यावा, किंवा प्लेटिंगच हवे असेल तर प्लेटरला आतून सहायक ॲनोड लावायला सांगावे आणि मुळात त्याची टाकी किती मोठी आहे हे रचना ठरवण्याआधी विचारावे. ८०० मिलिमीटर व्यासाची आणि जवळजवळ तेवढ्याच उंचीची वस्तू बुडेल अशी टाकी प्रत्येकाकडे नसते. गनमेटलच्या पायांना पोटॅशियम सल्फाइडने काळसर तपकिरी रंग आणून, धातू कोमट असतानाच मेण चोळावे. ते आपण होऊन जुने होत जाईल. चिंच किंवा पितांबरी लावून चकचकीत करण्याचा मोह घरातल्यांना आवरायला सांगावा.

खर्चाचा हिशोब वस्तूच्या किलोवर मागू नये. आपल्याकडे फॅब्रिकेशनचा दर किलोवर सांगण्याची रीत आहे आणि ग्रील, जिना, शेड यांसाठी ती योग्यच आहे, पण येथे माल कमी आणि मजुरी पुष्कळ अशी स्थिती असते. किलोवर ठरवले की मेस्त्रीला जाड सळी वापरण्यात आणि लवकर संपवण्यात फायदा होतो. जिग, माल, जोडणी, सफाई आणि फिनिश असे पाच वेगळे आकडे लिहून घ्यावेत. दोन वर्कशॉपांचे अंदाज असे फोडून पाहिले की तिपटीचा फरक नेमका कोठे आहे ते लगेच दिसेल. माझा अंदाज असा, की तो जिग आणि सफाई या दोन ओळींत सापडेल. शिवाय संपूर्ण ऑर्डर देण्यापूर्वी एक नमुना तुकडा पैसे देऊन करून घ्यावा: कड्याचा हातभर भाग, त्यावर दहाबारा सळ्या, ठरलेल्या फिनिशसह. तो तुकडा दोन्ही बाजूंची सही करून वर्कशॉपात टांगून ठेवावा, आणि पुढचा प्रत्येक वाद त्याच्याकडे बोट दाखवून मिटवावा.

काच सर्वांत शेवटी मागवावी. बैठक वेल्ड होऊन, फिनिश होऊन, घरात प्रत्यक्ष जागेवर बसल्यावर तिच्या वरच्या कड्यावर हार्डबोर्ड ठेवून चकत्यांच्या जागा आणि व्यास त्यावर उतरवून घ्यावा, एक-दोन दिवस त्या हार्डबोर्डाभोवती खुर्च्या मांडून जेवून पाहावे, आणि १२०० ऐवजी ११५० पुरेल असे वाटले तर तेव्हाच बदल करावा, कारण टफन केलेली काच नंतर कापता येत नाही.